हाक मारणाऱ्याची भाषा



आज मला नावांविषयी बोलायचे आहे. माणसांच्या नावांविषयी, आणि तीही आपल्यापासून फार दूरच्या एका भाषेतल्या. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत परकी नावे शिरली तेव्हा त्यांचे काय झाले, हा माझा विषय. १५२१ साली स्पॅनिश फौजांनी तेनोच्तित्लान शहर घेतले आणि ज्यांना जग अ‍ॅझ्टेक म्हणून ओळखते त्या नाहुआ लोकांचे राज्य संपले. त्यांची भाषा मात्र आजही बोलली जाते. २०२०च्या जनगणनेत मेक्सिकोतल्या साडेसोळा लाखांच्या आसपास लोकांनी आपण ती बोलतो असे सांगितले. पाचशे वर्षे ही भाषा बाहेरची नावे पचवते आहे आणि त्याचे कागद इतके सलग मिळतात की, नाव एका भाषेतून दुसरीत कसे जाते हे पाहायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

सुरुवात एका शिरगणतीपासून करू. १५३५ ते १५४०च्या सुमारास क्वेर्नावाका परिसरातल्या काही गावांची घरवार मोजणी झाली. ही गावे स्पॅनिश फौजांचा सेनापती एर्नान कोर्तेस याच्या जहागिरीत होती. मोजणी लिहिणारे नाहुआच होते. स्पॅनिश साधूंनी शिकवलेली रोमन अक्षरे त्यांनी आपल्या भाषेसाठी वापरायला नुकती सुरुवात केली होती. प्रत्येक घराची नोंद बहुधा एकाच धाटणीची आहे. हे अमक्याचे घर, त्याचा बाप्तिस्मा झाला आहे किंवा नाही, बायकोचे नाव, तिचा झाला आहे किंवा नाही, मुले किती, पदरी कोण राहते, शेत केवढे, कर म्हणून कापड किती द्यावे लागते. अशा घरात कर्ता माणूस पेद्रो झालेला असतो आणि बायकोला बाप्तिस्म्याचे नाव अजून नसते. थोरला मुलगा ख्रिस्ती असतो, धाकट्याला पाणी लागलेले नसते. घरातल्या बायकांची नावे पाहिली तर तीच तीच पुन्हा येतात: तेयाकापान म्हणजे थोरली, त्लाको म्हणजे मधली, तेइकू म्हणजे धाकटी, शोको म्हणजे शेंडेफळ. नेकावाल हेही एक नाव येते, टाकलेली किंवा मागे राहिलेली अशा अर्थाचे. तेव्हाच्या नाहुआ घरांत मुलींची नावे बहुतेक जन्मक्रमावरून पडत. अशा चार-पाच त्लाको आणि तेयाकापान ओलांडल्यावर एकदम एखादी मालिया समोर येते. ती मारिया.

त्या मोजणीदाराने मारिया का लिहिले नाही? कारण त्याने ते तसे ऐकलेच नव्हते. नाहुआत्लमध्ये र नाही. ब, द, ग नाहीत. ओठ-दातांचा फ नाही. स्वर मुळात चारच, अ, ए, इ, ओ, ह्रस्व आणि दीर्घ मिळून आठ. उ आणि ओ यांत भेद नाही. शब्दाच्या आरंभी जोडाक्षर येत नाही. शब्दाच्या किंवा अक्षराच्या शेवटचा न इतका हलका की कानाला लागतो न लागतो. एवढी माहिती हाती असली की त्या कागदांवरची नावे आपोआप उलगडत जातात. पेद्रोतला द त झाला, र ल झाला, जोडाक्षर फोडायला मधे ओ आला, आणि पेतोलो तयार झाला. फ्रान्सिस्कोतल्या फचा प, रचा ल, दोहोंच्या मधे अ, आणि न गळाला: पालासिस्को. दोमिंगोचा तोमिको, माग्दालेनाची मातालेना, मार्तिनचा मालति. हुआनचे काय झाले पाहा. आज स्पॅनिश माणूस हे नाव हने सुरू करतो, पण सोळाव्या शतकात तो आवाज श-झच्या जवळचा होता. नाहुआंनी तो नीट टिपला आणि लिहिले शिवान. शिवान आणि मालति ही नावे मराठी कानाला घरची वाटतील. तो निव्वळ योगायोग आहे, पण ते रूप किती सहज बसले आहे हे त्यावरून कळते.

स्पॅनिश सची गोष्ट तर फारच बोलकी आहे. त्या काळचा कास्तीलचा माणूस स म्हणताना जिभेचे टोक वर उचली. नाहुआंच्या स्वतःच्या भाषेत स होता, तरी हा परका स त्यांना शसारखा ऐकू आला. म्हणून सेन्योरा या शब्दाची शिनोला झाली आणि कित्येक गावांत ती आजही शिनोलाच आहे. लुईसचा शेवटही श झाला. ही रूपे वाचताना मला फार समाधान वाटते, कारण स्पेनमधल्या तेव्हाच्या उच्चाराची साक्ष स्पॅनिश ग्रंथांपेक्षा या नाहुआ कारकुनांनी अधिक चोख देऊन ठेवली आहे. आपण ज्यांना 'चुकीचे' लिहिणारे म्हणू, ते जे ऐकले तेच लिहीत होते.

त्यांची ओढाताणही त्या कागदांत दिसते. साधूंनी त आणि द ही दोन अक्षरे शिकवली, पण कानाला दोन्ही एकच. मग एकाच कागदावर एकच नाव दोन तऱ्हांनी येते. कधी उलटेही होते. स्पॅनिशमध्ये जिथे मुळात त आहे तिथे लेखनिक द घालतो, ल आहे तिथे र घालतो, कारण परक्यांच्या लिहिण्यात ही अक्षरे असतात एवढे त्याला ठाऊक असते. ती नेमकी कुठे, हे कान सांगत नाही.

आता एक प्रश्न. या सुरुवातीच्या वर्षांत नाहुआंनी स्पॅनिशमधून काय काय उचलले? जेम्स लॉकहार्ट आणि फ्रान्सिस कार्टुनेन यांनी शेकडो नाहुआत्ल दस्तऐवज तपासून दाखवले की १५४०च्या दशकाच्या मध्यापर्यंत, नावे सोडली तर, जवळजवळ काहीच नाही. घोडा आला तर त्याला नाहुआ हरीण म्हणाले, मासात्ल. बंदुकीला म्हणाले अग्नीची तुतारी. प्रत्येक नव्या वस्तूचे त्यांनी आपल्या शब्दांत वर्णन केले. पुढच्या टप्प्यात स्पॅनिश नामे भरभर आली, घोड्यासाठीच्या काबायो या शब्दाचा कावायो झाला, आणि शंभर वर्षांनी क्रियापदेही आली. नावे मात्र पहिल्या दिवसापासून आली. वस्तूचे वर्णन करता येते, माणसाचे नाव सांगावेच लागते. साधू जेव्हा डोक्यावर पाणी ओतून पेद्रो म्हणतो तेव्हा त्या पेद्रोला हरीण म्हणून चालत नाही. सगळ्या भाषेने दार लावून घेतले होते त्या दिवसांत नाव हीच एक फट होती. त्या फटीतून आत येणाऱ्या प्रत्येकाला नाहुआत्लने आधी आपल्या उच्चारात बसवले. हे मला फार महत्त्वाचे वाटते. बाप्तिस्मा लादलेला होता. कित्येक ठिकाणी तो जबरीचाच होता. नाव कोणते घ्यायचे हे बहुधा साधूने ठरवले. ते कसे म्हणायचे हे मात्र तो ठरवू शकला नाही. तो पेद्रो म्हणत राहिला आणि घरचे पेतोलो म्हणत राहिले.

बाप्तिस्मा येण्याआधी नाव कसे पडे, तेही सांगितले पाहिजे. नाहुआंच्या पंचांगात वीस चिन्हे आणि तेरा आकडे मिळून दोनशे साठ दिवसांचे चक्र असे. मूल ज्या दिवशी जन्मे त्या दिवसाचे चिन्ह त्याचे नशीब. जाणकाराला बोलावून दिवस पाहिला जाई, आणि तो वाईट निघाला तर स्नानाचा विधी त्याच तेरवड्यातल्या चांगल्या दिवसापर्यंत लांबवत. सुईण बाळाला पाणी घाले आणि नाव ठेवी. मुलगा असेल तर गावातली पोरे मका आणि घेवड्याचा खाऊ लुटून रस्त्याने धावत आणि त्याचे नाव ओरडत जात. आपल्याकडे आत्या कुर्र करून कानात सांगते, तिथे ते चौकाचौकांत ओरडले जाई. हे सगळे आपल्यापर्यंत आले ते बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन साधूमुळे, आणि त्याच्याइतकेच त्याच्या नाहुआ सहकाऱ्यांमुळे. आस्कापोत्साल्कोचा आंतोनियो वालेरियानो, क्वाउतित्लानचा आलोन्सो बेगेरानो आणि त्यांचे सोबती त्लातेलोल्कोच्या विद्यालयात लॅटिन शिकलेले. त्यांची स्पॅनिश नावे आणि नाहुआ गावे साआगुनने आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली, याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत.

साधूंना हे दिवसांचे पंचांग सैतानाचे वाटे, म्हणून दिवसांवरून पडलेली नावेही संशयास्पद ठरली. तेश्कोकोचा एक सरदार बाप्तिस्म्याने कार्लोस होता, पण त्याचे नाहुआ नाव ओमेतोच्त्सिन, 'दोन ससा' या दिवसाचे. जुन्या धर्माला चिकटून राहिल्याचा, लोकांना साधूंविरुद्ध फिरवल्याचा आरोप ठेवून बिशप सुमारागाच्या न्यायासनाने ३० नोव्हेंबर १५३९ रोजी त्याला जाळले. त्याच्या खटल्याच्या कागदांत तो दोन्ही नावांनी वावरतो. नावामुळे त्याला जाळले असे कोणी म्हणणार नाही. पण त्या काळात कोणत्या नावाने हाक मारायची ही केवळ सोयीची गोष्ट नव्हती, एवढे त्या खटल्यातून दिसते.

आता सर्वांत प्रसिद्ध नावाकडे वळतो. १५१९ साली ताबास्कोच्या किनाऱ्यावर कोर्तेसला नजराणा म्हणून वीस स्त्रिया देण्यात आल्या. त्यांतली एक नाहुआत्ल आणि मायन भाषा जाणणारी होती. तिचा बाप्तिस्मा झाला आणि नाव ठेवले मारिना. ती पुढे कोर्तेसची दुभाषी झाली आणि विजयाच्या प्रत्येक वाटाघाटीत तिचाच आवाज होता. नाहुआंनी मारिनातला र ल केला, शेवटचा स्वर सोडला आणि पुढे त्सिन जोडले. मालिन्त्सिन. त्सिन हा आदराचा, मायेचा प्रत्यय. आपण राव किंवा जी लावतो तसा, पण त्याहून जवळचा, कारण तो देवालाही लागतो आणि तान्ह्या बाळालाही. त्यातला आवाज मराठी माणसाला अवघड नाही. चूल, चाक या शब्दांतला दंत्य च, फक्त इकारापुढे.

नाहुआत्लमध्ये हाक मारण्याचीही एक रीत होती. पुरुष हाक मारताना नावाच्या शेवटी ए लावत आणि जोर त्या एवर देत. बायका ए लावत नसत, त्या फक्त आघात शेवटच्या अक्षरावर नेत. म्हणजे हाकेवरूनच कळे की हाक मारणारा पुरुष आहे की स्त्री. पुरुषांच्या तोंडी मालिन्त्सिनचे मालिन्त्सिने, मग मालिन्त्से झाले. स्पॅनिश सैनिकांनी ते ऐकले आणि आपल्या जिभेवर घेतले: मालिन्चे. एक स्पॅनिश नाव नाहुआत्लमध्ये गेले, वळले, आदराचा प्रत्यय आणि हाकेचा स्वर घेऊन स्पॅनिशमध्ये परत आले, आणि स्पॅनिश लोकांना ते आपलेच मारिना आहे हे ओळखूही आले नाही. कोर्तेसचा सैनिक बेर्नाल दियास सांगतो की नाहुआ लोक कोर्तेसलाच मालिन्चे म्हणत. ती नेहमी त्याच्यासोबत असे, म्हणून मारिनाचा कप्तान, असे तो त्याचे कारण देतो. लॉकहार्टने यावर सुचवलेला खुलासा मला पटतो: नाहुआत्लमध्ये मालकी दाखवणारा एक ए प्रत्ययही आहे, त्यामुळे मालिन्त्सिने म्हणजे 'ज्याच्याजवळ मालिन्त्सिन आहे तो'. जिंकणाऱ्याचे नाव त्याच्या दुभाषीच्या नावावरून पडले. नंतरच्या काळात काहींनी मालिनाली या दिवसाच्या नावाशी तिचा संबंध जोडला आणि मारिना हे त्यावरून घडले असे मांडले. मला तो क्रम उलटा वाटतो. रचा ल होणे हा नाहुआत्लचा नित्याचा नियम. त्यासाठी दुसरे नाव शोधायची गरज नाही. त्लाश्कालाचा जुना पर्वत मात्लाल्कुयेये पुढे तिच्याच नावाने ला मालिन्चे झाला.

या वाहतुकीत उलट दिशेने काय झाले ते थोडक्यात सांगतो. स्पॅनिशांनी क्वाउतेमोक राजाचा ग्वातेमुस केला, वित्सिलोपोच्तली देवाचा वीचिलोबोस केला, ज्यात लोबोस म्हणजे लांडगे, आणि क्वाउनावाक गावाचे क्वेर्नावाका केले, म्हणजे गाईचे शिंग. त्यांनीही ऐकले ते आपल्या भाषेच्या साच्यातच. फरक एवढा की त्यांची रूपे नकाशावर गेली.

एका स्पॅनिश माणसाने मात्र आपणहून नाहुआत्ल नाव घेतले. १५२४ साली आलेल्या बारा फ्रान्सिस्कन साधूंत तोरिबियो दे बेनाव्हेन्ते होता. अनवाणी, फाटक्या झग्यांतले हे साधू रस्त्याने जाताना लोक एकमेकांना मोतोलिनिया म्हणत. त्याने विचारले, याचा अर्थ काय? गरीब, हालात राहणारा, असे उत्तर मिळाले. तो म्हणाला, आजपासून हेच माझे नाव. पुढे मरेपर्यंत तो मोतोलिनियाच होता. त्याच्या धर्मप्रचाराविषयी आणि बाप्तिस्म्याच्या घाईविषयी माझे मत चांगले नाही. पण नावाच्या बाबतीत त्याने जे केले ते मला अचूक वाटते. त्याने आपल्या स्पॅनिश नावाचा नाहुआत्ल तर्जुमा केला नाही. लोक जे म्हणत होते ते कान देऊन ऐकले आणि घेतले.

भाषेत आवाजच नसेल तर नाव उच्चारता येते का, यावर एक जुना वाद आहे आणि तो अजूनही ऐकू येतो. तेपेयाकच्या टेकडीवर कुमारी मारिया हुआन दिएगो या नाहुआ माणसाला दिसली आणि तिने ग्वादालुपे हे नाव सांगितले, अशी परंपरा आहे. सतराव्या शतकात लुईस बेसेरा तांको या नाहुआत्ल जाणणाऱ्या पाद्र्याने शंका काढली. नाहुआत्लमध्ये ग नाही, द नाही. मग तिथल्या माणसाने ग्वादालुपे असे नाव कसे सांगावे? त्याने तर्क केला की मूळ नाव नाहुआत्ल असावे आणि स्पॅनिशांनी ते ग्वादालुपे असे ऐकले. नंतर इतरांनी त्याच मार्गाने आणखी नावे सुचवली. तर्क हुशार आहे, पण मला तो पटत नाही. जी भाषा फ्रान्सिस्कोचा पालासिस्को करू शकते, तिला ग्वादालुपेही म्हणता येते, आपल्या पद्धतीने. भाषेत आवाज नसणे म्हणजे नाव उच्चारता न येणे नव्हे. आणि १६४९ साली छापलेल्या त्याच दर्शनाच्या नाहुआत्ल कथेत कुमारी त्याला हाक कशी मारते? हुआन्त्सिन, हुआन दिएगोत्सिन. हे दोन्ही शब्द मूळचे स्पॅनिश, पण हाक सर्वस्वी नाहुआत्ल.

हुआन दिएगो हे नाव मुद्दाम घेतले, कारण ते त्या समाजातले ठरावीक नाव होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाहुआंची नावे पायऱ्या पायऱ्यांनी लागली. सामान्य माणसाची दोन्ही नावे संतांची: हुआन दिएगो, मारिया माग्दालेना. त्याहून वर धार्मिक पुरवणी, 'दे ला क्रूस' वगैरे. सरदारांना मोठ्या स्पॅनिश घराण्यांची आडनावे, कारण बाप्तिस्म्याला त्याच घराण्यांचे लोक धर्मपिता म्हणून उभे राहिलेले. नावाआधी 'दोन' ही स्पॅनिश मानाची उपाधी, नाहुआंच्या तोंडी 'तोन'. भावाभावांची दुसरी नावे वेगवेगळी असत. स्पॅनिश आडनाव पिढ्यानपिढ्या चालते ही कल्पनाच त्यांनी फार काळ घेतली नाही. नावे परकी घेतली, पण ती वाटायची रीत आपली ठेवली.

याचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे चिमाल्पाइन. १५७९ साली आमाकेमेकानमध्ये जन्मलेला हा बखरकार पुढे मेक्सिको शहरातल्या सान आंतोनियो आबाद या छोट्या चर्चमध्ये राहून नाहुआत्लमध्ये लिहीत असे. त्याचे पूर्ण नाव दोमिंगो फ्रान्सिस्को दे सान आंतोन मुन्योन चिमाल्पाइन क्वाउत्लेवानित्सिन. सान आंतोन त्याच्या चर्चवरून, मुन्योन चर्चच्या आश्रयदात्यांवरून, आणि शेवटची दोन त्याच्या चाल्कोतल्या पूर्वजांची. ती त्याला कोणी दिली नव्हती, लिहिता लिहिता त्याने स्वतः जोडली. त्याच्या काळापर्यंत शिकलेले नाहुआ दोमिंगो असे नीट स्पॅनिश पद्धतीने लिहीत. बोलताना घरी तोमिको होत असेलच.

चिमाल्पाइनच्या बखरीतून एक वाट थेट आपल्या वसईपर्यंत येते. मेक्सिको तेव्हा मनिलाच्या गलबतांनी आशियाशी जोडलेले होते. १६१० आणि १६१४ साली तिथे आलेल्या जपानी मंडळींचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे: त्यांचे कपडे, तलवारी, पुढून भादरलेली डोकी, बाप्तिस्म्याने घेतलेली नवी नावे. जपानमध्ये मारल्या गेलेल्या अनवाणी फ्रान्सिस्कन साधूंची बातमीही त्याच्या बखरीत आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रूसावर चढवले. त्यांत मेक्सिको शहरात जन्मलेला फेलिपे होता, आणि वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सियाही होता, पोर्तुगीज बापाचा आणि इथल्या आईचा मुलगा, जपानी उत्तम बोलणारा, साधूंचा दुभाषी. १८६२ साली दोघेही एकदमच संत झाले. वसईजवळ गासला त्याच्या नावाचे चर्च आहे. त्या हुतात्म्यांची भलीमोठी भित्तिचित्रे क्वेर्नावाकाच्या कॅथेड्रलच्या भिंतींवर आहेत, विसाव्या शतकात डागडुजी करताना उघडी पडलेली. ज्या परिसरात मारियाची मालिया लिहिली गेली, तिथेच वसईच्या माणसाचे मरण रंगवले आहे. तिथल्या नाहुआ भाविकाने त्या संतांची नावे घेतली असतील तर गोन्सालोचा ग त्याच्या तोंडी क झाला असेल, कोन्सालो.

आणि याच काळात आपल्या किनाऱ्यावर काय चालले होते? गोव्यात आणि वसईत हीच पोर्तुगीज-स्पॅनिश संतांची नावे कोकणी-मराठीच्या हाती आली होती. फादर स्टीफन्स रायतूरला ख्रिस्तपुराण रचत होता, ते १६१६ साली छापले गेले. त्यात जेझूस जेजू होऊन आला. गावागावांत जुआंव जुवांव झाला, सेबास्तियांव बोस्त्यांव, मिगेल मिंगेल, दोमिंगोस दुमिंग. नाहुआत्लशी ताडून पाहा. आपल्याकडे ब, द, ग, र सगळे होते, त्यामुळे व्यंजने फारशी हलली नाहीत. कोकणीला अनुनासिक स्वर मुळातच जवळचे, म्हणून पोर्तुगीज अनुनासिक शेवट राहिला, उलट मिंगेलमध्ये जास्तीचा अनुस्वारही आला. तेच दोमिंगो हे नाव एकाच शतकात मेक्सिकोत तोमिको झाले आणि गोव्यात दुमिंग. नावाने स्वतः काही केले नाही, केले ते ऐकणाऱ्यांनी.

आता आजच्या काळाकडे येतो, मला सर्वांत जिव्हाळ्याच्या वाटणाऱ्या भागाकडे. गेल्या शंभर वर्षांत मेक्सिकोत नाहुआत्ल नावांना प्रतिष्ठा आली. मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या लासारो कार्देनासने १९३४ साली आपल्या मुलाचे नाव क्वाउतेमोक ठेवले. शहरांत शोचित्ल आणि सित्लाली नावाच्या मुली सर्रास भेटतात. त्यांतल्या बहुतेकींच्या घरी नाहुआत्ल बोलली जात नाही. खेड्यांत, जिथे ती बोलली जाते, तिथे आता ब्रायन आणि केव्हिन आहेत. आणि जगभरातून भाषेवर प्रेम करणारी माणसे विचारतात, माझे नाव नाहुआत्लमध्ये काय होईल?

बहुतेकांना पहिल्यांदा अर्थाचा तर्जुमा सुचतो. हा मार्ग फसवा आहे. फेलिपे हे नाव ग्रीक, घोड्यांवर प्रेम करणारा. नाहुआत्लमध्ये घोड्याला काय म्हणाल? कावायो म्हणाल तर तो स्पॅनिश शब्द, मासात्ल म्हणाल तर हरीण. पेद्रो म्हणजे खडक, म्हणून कोणी स्वतःला तेत्ल म्हणवू लागला तर नाहुआ माणसाला ते दगडच ऐकू येईल, माणूस नाही. पंचांगावरून नाव घेण्याचीही चाल आहे. मेक्सिकोत काही गट 'नावाची पेरणी' म्हणून समारंभ करतात. पण दोनशे साठ दिवसांचे चक्र आजच्या तारखांशी कसे जुळवायचे यावर त्यांच्यातच एकमत नाही. एका मोजणीने ससा असलेला माणूस दुसरीने मगर होतो. श्रद्धेने केलेल्या गोष्टीला मी नावे ठेवत नाही, पण ते नाहुआत्ल बोलणाऱ्यांनी घडवलेले नाव म्हणता येत नाही.

राहिला आवाजाचा मार्ग, आणि मला तोच प्रामाणिक वाटतो, एका अटीवर. सोळाव्या शतकाचे नियम जसेच्या तसे लावले तर गोविंदचा कोविन होईल, राधेची लाता, भागीरथीची पाकिलाति. त्यातही लाता हे रूप परकेच दिसेल, कारण नाहुआत्लच्या मूळ शब्दांत ल शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. पण आजचा नाहुआत्ल बोलणारा बहुधा लहानपणापासून स्पॅनिशही बोलतो. गोविंद तो सहज म्हणेल, राधाही म्हणेल. भागीरथीतले भ आणि थ मात्र त्याला स्पॅनिशनेही दिलेले नाहीत. म्हणजे पुस्तकातला कोविन आजच्या वास्तेकातल्या किंवा पुएब्लाच्या डोंगराळ भागातल्या माणसाच्या तोंडी नाही. तोंडी काय असेल ते त्याच्यासमोर नाव उच्चारले की कळेल. तो एकदा म्हणेल, दुसऱ्यांदा थोडे बदलेल, आणि तिसऱ्यांदा जे म्हणेल ते टिकेल. त्याच्या आजीच्या तोंडी ते आणखी वेगळे होईल आणि तेही खरे.

लिहायचे झाले की पुन्हा प्रश्न. नाहुआत्लच्या आज दोन लेखनपद्धती आहेत. जुनी, साधूंच्या काळापासूनची, जिच्यात क हा 'सी' किंवा 'क्यू'ने लिहितात आणि व 'एच-यू'ने. आणि नवी, जिच्यात 'के' आणि 'डब्ल्यू' चालतात. २००३ साली भाषिक हक्कांचा कायदा आला आणि मूळ भाषांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, पण दोन्ही पद्धती शाळांत आणि पुस्तकांत शेजारी शेजारी नांदतात. क्वाउतेमोक 'सी'ने लिहिणारे घर वेगळे आणि 'के'ने लिहिणारे वेगळे, आणि दोघांनाही आपली पद्धत घरची वाटते. बाहेरच्या माणसाने इथे बाजू घ्यायचे कारण नाही. ज्या गावातल्या माणसाने तुमचे नाव घडवले त्या गावात ते ज्या अक्षरांनी लिहितात, त्याच अक्षरांनी आपले नाव लिहावे आणि चारचौघांत वाचून दाखवायला त्यालाच सांगावे.